तापशिळेला मंडप

ही गोष्ट फार जुनी आहे आणि फार लांबच्या जंगलातली आहे. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मागाहून कुणी "हे तर आपल्याकडचंच" म्हणत माझ्या दारात यायला नको. आपल्याकडे असलं काही होत नाही. आपल्याकडे जंगलच कुठे उरलंय?

तर त्या जंगलात साग होता, मोह होता, पळस होता आणि मधोमध एक डोह होता. डोहाच्या काठाला अर्जुन, जांभूळ, उंबर अशी जुनी झाडं पाण्यावर ओणवी होऊन उभी होती. डोहापासून हाकेच्या अंतरावर उघडा माळ होता, आणि माळावर एक काळी सपाट शिळा होती. तिला तापशिळा म्हणत. तिचं काम एकच, उन्हात पडून राहणं. त्या जंगलात इतकं इमानाने काम करणारं दुसरं कुणी नव्हतं.

उन्हाळा लागला की रोज ऊन चढल्यावर येणाऱ्याजाणाऱ्याने तिच्यावर पंजा ठेवून बघायचा. टिटवीची एक हाक पुरी होईपर्यंत पंजा टिकला, तर ठीक. जा आपापल्या कामाला. चटका बसून आधीच उचलावा लागला, तर त्या दिवशी दुपारबंदी. मग टिटवी तीनदा ओरडायची आणि सगळं जंगल हातातलं काम टाकून डोहावर यायचं.

दुपारबंदीचे नियम कुणी कुठे लिहिलेले नव्हते, म्हणून सगळे ते पाळत. मोठ्यांनी कडेला उभं राहायचं, लहानांना आणि म्हाताऱ्यांना सावलीत आत घ्यायचं. तहान लागो न लागो, पाणी पीत राहायचं. शेजारच्या बिळात कुणी एकटं म्हातारं असलं तर येताना त्याला हाक मारायची, नुसती मारायची नाही, ओ येईपर्यंत मारायची. ऊन कलेपर्यंत कुणी हलायचं नाही. आणि जो अडखळायला लागेल, भलतंसलतं बरळायला लागेल, ज्याचं अंग तव्यासारखं तापेल, त्याला काही न विचारता आधी सावलीत न्यायचं आणि ओल्या चिखलात लोळवायचं. कसं वाटतंय हे मागून विचारायचं.

आता ओरडायचं काम टिटवीकडेच का, तर टिटवी घरटं बांधत नाही. ती उघड्या माळावर, खड्यांच्या मध्ये, थेट जमिनीवर अंडी घालते. जिची अंडी उन्हात, तिला ऊन आधी कळणार, इतका साधा हिशोब होता. माझ्या गोष्टीतल्या टिटवीचं नाव कोंडाबाई. शिळेच्या जवळच तिची जागा होती, तिच्या आईची आणि आजीचीही तीच. ऊन तापलं की कोंडाबाई डोहावर जायची, पोटाची पिसं पाण्यात भिजवायची, परत यायची आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसायची. तोवर तिचा नवरा अंड्यांवर उभा राहून आपली सावली धरायचा. मग तो जायचा, ती बसायची. सबंध उन्हाळा नवराबायकोंचं हेच चालायचं. भांडायलासुद्धा त्यांना फुरसत मिळायची नाही, त्यामुळे संसार सुखाचा होता.

मग निवडणूक आली.

अस्वलराजे निवडून आले ते एका वचनावर. "प्रत्येकाच्या डोक्यावर सावली." घोषणा छान होती. झाडाखाली बसलेल्या जनावरांनीसुद्धा ती ऐकून टाळ्या वाजवल्या. राजे स्वतः बारा महिने एका खोल गुहेत राहत. गुहेच्या भिंतींतून पाणी झिरपे, तळाशी मऊ गारवा असे. उन्हाळ्याबद्दल त्यांनी पुष्कळ ऐकलं होतं. त्यांचा प्रधान मुंगूस. मुंगसाबद्दल वेगळं काय सांगायचं? सापाशी भांडतो म्हणून त्याला सगळे शूर समजत, आणि साप त्याच्याच बिळात भाड्याने राहत होता, हे कुणी विचारत नव्हतं.

पहिल्याच सभेत प्रश्न निघाला, की सावलीची सुरुवात कुणापासून करायची. ससे म्हणाले आमच्यापासून, माकडं म्हणाली आमच्यापासून. तेव्हा मुंगूस उठला. त्याने आधी डोळे पुसले आणि मग बोलायला सुरुवात केली. जी शिळा पिढ्यान् पिढ्या आपल्यासाठी उन्हात जळत आली, म्हणाला, तिच्या डोक्यावर आजवर कुणी साधं छप्पर घातलं नाही. आधीच्या राजांना हे सुचलं नाही, का त्यांना ते सुचू द्यायचं नव्हतं?

सभा गलबलून गेली. कितीतरी जणांना वाटलं, खरंच की, आपल्या कसं लक्षात आलं नाही. एक म्हातारा रोही होता, नीलगायीचा नर, पांढऱ्या पायांचा आणि गुडघ्यात अधू झालेला. तो चाचरत म्हणाला, की शिळा उन्हात असते म्हणूनच तर ऊन कळतं. मुंगूस त्याच्याकडे वळून शांतपणे म्हणाला, "आजोबा, स्वतःच्या आईला असं उन्हात टाकलं असतंत का?"

रोह्याने मान खाली घातली. एवढ्या सभेत आईचं नाव काढल्यावर कोण बोलणार. कोंडाबाईलासुद्धा त्या दिवशी बरंच वाटलं होतं. शिळेला मंडप होतोय, तर त्याची थोडी सावली आपल्या अंड्यांवरही पडेल, असा तिचा भोळा विचार. ठराव एकमताने झाला. देवाला घाम येतो म्हणून पंखा लावणारे भक्त आपण पाहिलेत, पण तापमापीला ऊन लागतं म्हणून तिला सावलीत ठेवणारे तेवढेच.

मंडपाला लाकूड हवं होतं, म्हणून माळाच्या कडेचे साग पडले. मंडप उभा राहिला तर तो लांबून दिसेना. मधे डोहाकाठची झाडं येत होती. मग अर्जुन, जांभूळ आणि उंबरही पडले. पाडताना राजांनी छोटं भाषण केलं, की सावलीसाठी प्रत्येकाला थोड्या सावलीचा त्याग करावाच लागतो. पडलेल्या झाडांच्या पानांचे डोंगर झाले. मुंगसाचा मेहुणा पुढे झाला आणि म्हणाला, एवढा पाला मी स्वखर्चाने उचलून नेतो, जंगलाची सेवा म्हणून. त्याचा जाहीर सत्कार झाला. मग मंडपाभोवती माळावर काळ्याकुळकुळीत फरशा घातल्या, कारण पावित्र्य राखायचं तर मातीत कसं राखणार. शेवटी शिळेला रोज पहाटे डोहाच्या पाण्याने अंघोळ सुरू झाली. डोहाचं पाणी आता पूजेचं झालं, म्हणून त्याला काटेरी बांबूचं कुंपण आलं. दारावर दोन रानडुकरं बसली. जनावरांना सकाळी एकेक घोट पाणी मिळे, तेही रांगेने.

मंडप मात्र देखणा झाला होता हो. खोटं कशाला बोलू?

चैत्र सरला आणि कोंडाबाईने अंडी घातली. जागा तीच. सावली तिच्यापर्यंत पोचत नव्हती, मंडपाच्या आतच संपत होती. फरशांची कड मात्र अंड्यांच्या अगदी जवळ आली होती. पूर्वी माती तापायची आणि संध्याकाळी निवायची. काळ्या फरशा दिवसभर ऊन पीत आणि रात्रभर धगधगत राहत. एका सकाळी ऊन पुरतं वर यायच्या आतच कोंडाबाईच्या पायांना चटके बसायला लागले. तिने गळा ताणला आणि तीनदा ओरडली.

सवय ती सवय. सशांनी कान टवकारले, सांबरं चालू लागली, माकडं झाडांवरून उतरली. सगळी डोहापर्यंत आली, तर कुंपण. रानडुकरांनी त्यांना विचारलं, दुपारबंदीचा हुकूम कुठे आहे? हुकूम नव्हता. सगळी आल्या वाटेने उन्हातून परत गेली. मग मुंगूस स्वतः कोंडाबाईकडे आला, मंडपाच्या सावलीतून, आणि सावली संपली तिथे थांबला.

"कोंडाबाई, कशासाठी ओरडलात?"

"ऊन फार झालंय, प्रधानजी. अंड्यांजवळ उभं राहवत नाही."

"शिळा बघितलीत?"

"शिळा मंडपात आहे."

"म्हणजे गार आहे."

"मंडपात आहे, म्हणून गार आहे."

"गार आहे हे तुम्हीच म्हणालात," मुंगूस म्हणाला. "का गार आहे, ते विचारायची आपल्याकडे पद्धत नाही."

दुसऱ्या दिवशी राजांच्या पोपटांनी जंगलभर सांगितलं, की टिटवी हा पक्षी मुळातच अपशकुनी. ही जात पाय वर करून झोपते, का, तर आभाळ पडलं तर पायांवर झेलू म्हणून. अशांच्या ओरडण्यावर शहाण्या जनावरांनी विश्वास ठेवायचा का? त्याच्या मागोमाग हुकूम निघाला. टिटवीने ओरडायला हरकत नाही, राज्यात बोलायला पूर्ण मोकळीक आहे. फक्त ओरडण्याआधी परवानगी घ्यावी, आणि परवानगी शिळा तापल्यावर मिळेल.

ओरडणं बंद झालं त्याचं कोंडाबाईला वाईट वाटलं, पण तिचं खरं काळीज अडकलं होतं पाण्यात. ती डोहाच्या दाराशी गेली. रानडुकरं म्हणाली, प्यायचं तर सकाळी रांगेत ये. ती म्हणाली, प्यायचं नाही, पोट भिजवायचंय. रानडुकरांनी एकमेकांकडे बघितलं. पिसांतून पाणी बाहेर नेणं ही त्यांच्या मते सरळसरळ चोरी होती. वरून उडून आत उतरावं, तर डोहावर पोपटांची गस्त. एकदा तिचा नवरा तसा उतरला, तर त्याची पिसं उपटून, पाय मुरगळून त्याला सोडून दिलं. सोडून दिलं हे त्यांनी आवर्जून सांगितलं.

मग टेकडीपलीकडची नदी. नदी कसली, वाळूत राहिलेलं गुडघाभर पाणी. कोंडाबाई तिथवर उडत जायची, पोट चिंब भिजवायची आणि जिवाच्या आकांताने परत यायची. पण तापलेल्या वाऱ्यातून एवढं अंतर कापेपर्यंत पिसं वाळून जायची. ती अंड्यांवर बसायची ती कोरडी. बसल्यावर तिला कळायचं की कोरडी आहे, आणि तरी ती बसून राहायची, कारण उठली तर ऊन थेट अंड्यांवर. नवरा लंगडत तिच्या बाजूला उभा राहून जमेल तेवढी सावली धरायचा. ते बघून माळावरच्या मुंग्यांनासुद्धा वाईट वाटायचं. मलाही सांगताना वाटतंय, पण वाईट वाटून काय होतं? अंडी वाईट वाटण्याने गार होत नाहीत.

तिकडे जंगलात जनावरं पडू लागली होती. एक ससा वाटेतच आडवा झाला. सरकारी खुलासा आला, की तो कासवाच्या जुन्या प्रकरणापासूनच खचलेला होता. एक सांबर गेलं, ते वयोमानाने. त्याचं वय पाडसाचं होतं, पण वयोमान म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही. एक माकड झाडावरून पडलं, त्याचा तोल गेला. माकडाचा तोल? हो, गेला. उन्हाने मात्र कुणी गेलं नाही, कारण ज्या दिवशी शिळा तापेल त्याच दिवशीचं मरण उन्हाचं धरायचं, असा नियम होता आणि शिळा एकही दिवस तापली नव्हती. शेजारच्या जंगलांत शेकड्यांनी गेले आणि आपल्याकडे एकही नाही, म्हणून सत्कार समारंभसुद्धा झाला. त्या समारंभात दोघे गेले, तेही भावनावेगाने.

आणि मग ती पहाट आली. अंघोळ घातलेल्या ओल्या शिळेवर राजांनी रिवाजाप्रमाणे पंजा ठेवला आणि सहज म्हणाले, "अगं बाई, हुडहुडी भरली."

मुंगसाने ते ऐकलं. ऊन डोक्यावर येईपर्यंत जंगलात थंडीची लाट जाहीर झाली होती.

मुंगसाचा मेहुणा अशा वेळी तयारच असतो. उचलून नेलेल्या पाल्याच्या त्याने गोधड्या शिवून ठेवल्या होत्या. सागाची पानं, दुहेरी टाका, आत गवताचा थर. दर जनावरामागे एक गोधडी, आणि मोबदल्यात जंगलाच्या कोठारातला निम्मा मोह आणि सगळी तेंदूची फळं मेहुण्याकडे. थंडीत कुणी उघडं राहू नये ही राजांची तळमळ, असं पोपटांनी गाऊन सांगितलं. वैशाखात जनावरं गोधड्या पांघरून फिरू लागली. काहींना लाज वाटली, पण गोधडी नसेल त्याला पाण्याच्या रांगेत उभं करायचं नाही, असं ठरल्यावर लाज गेली. जीभ बाहेर काढून धापा टाकणाऱ्याला विचारत, काय रे, थंडी वाजतेय ना? तो हो म्हणायचा. पाण्याचा प्रश्न होता.

राजवैद्य होता बगळा. कुंपणाच्या आत डोहात एका पायावर, डोळे मिटून उभा असायचा. पूजेच्या पाण्यात ध्यान करायला हरकत नव्हती. एकदा म्हातारा रोही कुंपणापाशी जाऊन त्याला म्हणाला, वैद्यबुवा, अंगात आग आग होते, चक्कर येते. बगळ्याने डोळे न उघडता सांगितलं, की आपल्याला तर अगदी आल्हाददायक वाटतंय, तेव्हा हा मनाचा आजार दिसतो. गोधडी नीट पांघरत जा.

आता सगळ्यांत मोठा दिवस. थंडीवर विजय मिळवल्याबद्दल मंडपासमोर महामेळावा भरला. वेळ भर दुपारची, कारण मंडपाचं शिखर त्या वेळी चमकतं. राजे आयुष्यात पहिल्यांदाच एवढ्या उशिरापर्यंत गुहेबाहेर थांबले होते. जनता काळ्या फरशांवर गोधड्या पांघरून बसली, आणि राजांनी तर आपला आदर्श म्हणून एकावर एक पाच गोधड्या घेतल्या. बोलायला ते मंडपाबाहेर, फरशांच्या कडेला उभे राहिले. जनतेत मिसळून बोलायचं होतं ना.

"बंधूंनो आणि भगिनींनो," राजे म्हणाले, "आज शिळा गार आहे, म्हणजे जंगल गार आहे. जंगल गार आहे, म्हणजे आपण गार आहोत."

टाळ्या पडल्या. थोड्या वेळाने राजे म्हणाले, की मी मध आहे आणि तुम्ही सगळे माझ्या मधमाश्या आहात. टाळ्या पडल्या. मग म्हणाले, झाडं वर पळतायत, त्यांना पकडा, सूर्य माझ्या मामाचा आहे, आणि डोह मी लहानपणी पिऊन टाकला होता. आणखी जोरात टाळ्या पडल्या. राजे बरळतायत हे बराच वेळ कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण आधीच्या भाषणांपेक्षा त्यात फार फरक नव्हता. शेवटी ते डुलले, तोंडाला कोरडा फेस आला, आणि पाच गोधड्यांसकट धाडकन फरशांच्या कडेला कोसळले.

कोसळले ते कोंडाबाईच्या अंड्यांपासून टीचभर अंतरावर. केवढं ते धूड, त्यावर पाच गोधड्या. त्याची भलीमोठी, दाट, काळी सावली अंड्यांवर पडली.

कितीतरी दिवसांनी अंडी सावलीत होती. प्रत्येकाच्या डोक्यावर सावली, हे राजांचं वचन शेवटी एका घरी तरी पुरं झालं.

इकडे बगळा आला. त्याने रीतीप्रमाणे आधी शिळेवर पाय ठेवून बघितला. गार होती. मग निदान सोपं होतं, राजांना थंडी बाधली. आणखी गोधड्या आणायला माणसं धावली. माणसं म्हणजे जनावरं. माझी जीभ घसरते कधीकधी. गोधड्यांचा ढीग वाढला, तशी सावलीही वाढली. राजांचा श्वास मात्र भात्यासारखा चालला होता. मेळाव्यात कुणी उठून जायचं धाडस करेना, कारण राजे आजारी असताना उठणारा कोण, हे पोपट टिपून ठेवत होते. बसल्या जागी पाडसं माना टाकायला लागली. म्हातारा रोही गुडघे टेकून तसाच एका कुशीवर कलंडला.

कोंडाबाई हे सगळं बघत होती. काय झालंय ते तिला कळत होतं, त्यावर काय करायचं तेही कळत होतं. ते तर त्या जंगलात प्रत्येकालाच कळत होतं. ती तीनदा ओरडली असती की बास. पण लोक उठतील, राजाला ओढत डोहाकडे नेतील, आणि सावली त्याच्याबरोबर जाईल.

नवऱ्याने तिचा गळा ताणलेला बघितला आणि हळूच म्हणाला, "गप बस. ऊन कलेपर्यंत राहू दे पडलेला. आपल्याला त्याने काय दिलंय?"

तिने अंड्यांकडे बघितलं. मग रोह्याच्या पलीकडे एक हरणी आपल्या पाडसाला चाटत होती, चाटून चाटून तिची जीभ कोरडी पडली होती आणि पाडसू डोळे उघडत नव्हतं, तिकडे बघितलं.

"त्याच्यासाठी नाही ओरडत," कोंडाबाई म्हणाली.

आणि ती ओरडली. परवानगी न घेता, शिळा गार असताना, तीनदा.

पहिल्या हाकेला पोपटांनी माना वळवल्या. दुसऱ्या हाकेला सांबरांचे पाय आपोआप उभे राहिले. तिसऱ्या हाकेला सगळं जंगल गोधड्या टाकून डोहाकडे निघालं. कुंपण काय, रानगवे आले तसं ते काडीसारखं मोडलं. दारावरची रानडुकरं अडवायला पुढे झाली आणि तीच आधी चिखलात जाऊन लोळली. त्यांना तरी काय कमी उकडत होतं? झाडांची सावली उरली नव्हती, म्हणून हत्ती आणि गवे काठाने ओळीत उभे राहिले आणि त्यांच्या सावलीत पिल्लांना आत घेतलं. पाडसाला चिखल थापला. रोह्याला चौघांनी ढकलत आणलं. कुणी कुणाला काही शिकवत नव्हतं. राजांना गोधड्यांतून सोलून काढलं आणि ओढत नेऊन चिखलात लोळवलं, काही न विचारता. राजांना असं काही न विचारता केलेलं हे त्या राज्यातलं पहिलंच काम.

माळावर अंडी पुन्हा उन्हात होती. नवरा लंगडत त्यांच्यावर उभा राहिला. कोंडाबाई उडाली आणि डोहात उतरली. कुंपण नव्हतं, गस्त नव्हती. तिने पोट भिजवलं आणि परत आली. डोह हाकेच्या अंतरावर, त्यामुळे ती अंड्यांवर बसली तेव्हा पोटाच्या पिसांतून पाणी टपकत होतं. बसल्यावर ती रडली. उन्हं कलेपर्यंत तिने किती फेऱ्या मारल्या ते तिला ठाऊक नाही आणि मीही मोजल्या नाहीत.

पुढे तीन पिल्लं निघाली. चौथं अंडं तसंच राहिलं, आधीच कधीतरी एखाद्या कोरड्या फेरीत ते शिजून गेलं होतं. कोंडाबाई त्याच्यावरही बरेच दिवस बसली. नवरा म्हणाला, ऊठ आता. ती उठली, पण मन उठायला वेळ लागला. त्या पाडसाने दुसऱ्या दिवशी डोळे उघडले. रोही मात्र गेला. खुलाशात त्याचं वयोमान आलं, आणि त्याच्या बाबतीत ते निदान खरं होतं.

अस्वलराजे वाचले. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला, की आपल्याला चिखल कुणी लावला? मुंगसाच्या अध्यक्षतेखाली चौकशी बसली. निष्कर्ष असा निघाला, की राजांना जनतेच्या काळजीमुळे ग्लानी आली होती आणि शिळेच्या कृपेने ती उतरली. चिखलाचा संबंध आढळला नाही. जनतेने स्वतःहून डोहाकडे जाऊन राजांवरची निष्ठा दाखवली याबद्दल जनतेचं अभिनंदन झालं. कुंपण मोडल्याबद्दल त्याच जनतेला दंडही झाला. नवं कुंपण दुप्पट उंच झालं आणि त्याचं काम मुंगसाच्या मेहुण्याने घेतलं, सेवा म्हणून.

कोंडाबाईवर आरोप ठेवला गेला. शिळा गार असताना ऊन असल्याची अफवा पसरवली, असा. खटला अजून चालू आहे. तारीख नेहमी भर दुपारची मिळते. ती तिन्ही पिल्लांना घेऊन जाते, उभी राहते आणि परत येते. पिल्लांना तिने उडायच्या आधी ओरडायला शिकवलंय, एवढं मला कळलंय. पोपटांना कळलेलं नाही, तेव्हा तुम्हीही बोलू नका.

विरोधात एक तरस होता. आता तो कडाडून बोलायला लागला. त्याचं म्हणणं, हा मंडप निकृष्ट आहे, आम्हाला निवडून द्या, आम्ही शिळेला याहून मोठा मंडप बांधू. पुढच्या निवडणुकीत चुरस होणार असं दिसतंय. राजांनी त्यावर तोड काढली आहे, शिळाच उचलून आपल्या गुहेत न्यायची, म्हणजे तिच्या सुरक्षेचा प्रश्न कायमचा मिटला.

परवाच सगळीकडे जाहीर झालं, की यंदाही शिळा गार आहे, जंगलात कुठेही ऊन नाही. ज्यांना तरीही घाम येतोय, त्यांची चौकशी चालू आहे.

मी आपलं कपाळ आधीच पुसून घेतलंय.